कानसेनांची तिसरी खेप

त्यांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ते कानसेन. गाण्याच्या बैठकीत बरोबर जागेवर मान डोलावणाऱ्याला कानसेन म्हणतात, पण आमच्या कानसेनांनी जन्मात एक बैठक ऐकली नव्हती. त्यांचं गाणं पाइपातलं. चाळीस वर्षं त्यांनी प्लंबिंग केलं आणि त्यातला निम्मा वेळ तरी लोकांच्या भिंतींना कान लावून काढला.

त्यासाठी त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक जुना स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक पाइपवर टेकवायचं, मूठ कानाशी दाबायची, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. डावा हात वर गेला की घरातल्यांनी गप्प बसायचं, पंखा बंद करायचा, आणि मूल रडत असेल तर त्याला घेऊन शेजारी जायचं. मग कानसेन डोळे उघडून निकाल सांगत. "वरच्या मजल्यावरची टाकी झिरपतेय." "या कोपऱ्याच्या आत पाइप चिरलाय." एका बेकरीत जमिनीखाली गळती होती आणि मालक सगळी फरशी उखडायला निघाला होता. कानसेनांनी तासभर ऐकलं आणि खडूने एकाच फरशीवर फुली मारली. पाणी बरोबर तिच्याखाली निघालं. ही गोष्ट बेकरीवाल्याने लोकांना चार वेळा सांगितली असेल. उरलेल्या चारशे वेळा कानसेनांनी सांगितली.

एवढा गुणी माणूस, पण जिभेला हाड नव्हतं. संध्याकाळी त्या भागातले सगळे प्लंबर हार्डवेअरच्या दुकानापुढच्या बाकावर टेकत. तीन वर्षांपूर्वी एकदा तिथे पाणबुड्या येऊन बसला. हा कानसेनांच्याच वयाचा प्लंबर. कुठल्याही टाकीत आणि कसल्याही खड्ड्यात उतरायची तयारी, म्हणून त्याला ते नाव पडलेलं. त्या दिवशी तो एकाच घरी एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा जाऊन आला होता आणि वैतागला होता. कानसेनांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला. "मी तर म्हणतो, ज्याला तिसऱ्यांदा बोलावलं त्याने पाना खाली ठेवावा आणि घरी बसावं." सगळा बाक खदखदून हसला. पाणबुड्याही हसला. पुढच्या महिन्यापासून तो कामावर दिसेनासा झाला आणि बाकावर मात्र रोज दिसायला लागला. कानसेनांनी त्याचा फार विचार केला नाही. वाक्य त्यांना आवडलं होतं, ते त्यांनी पुढेही ठिकठिकाणी वापरलं.

मग साधारण वर्षापूर्वी त्यांच्या घरातला फ्रिज गुणगुणायला लागला.

दुपारी जेवून आडवं झालं की आवाज सुरू व्हायचा. बारीक, एकसुरी, घुंऽऽ असा. कानसेनांनी फ्रिजखाली रबराचे तुकडे ठेवले. आवाज तसाच. फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला. आवाज तसाच. मेकॅनिकला बोलावलं, तर तो म्हणाला, फ्रिज नव्यासारखा आहे. हल्लीच्या पोरांना ऐकायचं शिक्षणच नाही, असं म्हणून कानसेनांनी फ्रिज थेट गॅलरीत नेऊन ठेवला. आता दूध काढायला बायकोला वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जावं लागे.

"बंद झाला का आवाज?" तिने मोठ्याने विचारलं.

"अजून येतोय थोडा."

तिने जाऊन फ्रिजची वायरच काढली. "आता?"

कानसेनांनी कान दिला. "येतोय. म्हणजे तो शेजाऱ्यांचा असणार."

"मग त्यांचाही आणून ठेवा आपल्या गॅलरीत," बायको म्हणाली आणि वायर परत लावून आत गेली.

त्याच सुमारास दारावरची बेल बिघडली. निदान कानसेनांचं तसं म्हणणं होतं. त्यांनी ती दोनदा उघडून साफ केली. टीव्हीवरची माणसं पुटपुटायला लागली, गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली, आणि सगळ्या जगाने मिळून हळू बोलायचं ठरवलं आहे अशा निष्कर्षाला ते आले. पण तक्रार करायची तर "काय म्हणालात?" असं विचारावं लागतं, आणि ज्याच्या कानाची एवढी ख्याती त्याने ते कोणत्या तोंडाने विचारायचं? त्यावर त्यांनी सोपा उपाय काढला. ऐकू आलं नाही की 'हो' म्हणायचं. हो म्हटल्याने कोणाशी भांडण होत नाही. बायको म्हणाली, "एकदा डॉक्टरला कान दाखवून या." ते हो म्हणाले. फक्त जेवताना पंचाईत व्हायची. लाल भोपळ्याची भाजी त्यांना लग्नाच्या आधीपासून आवडत नसे. पण बायको पातेलं घेऊन आली आणि काहीतरी पुटपुटली की ते हो म्हणत, आणि ताटात दुसऱ्यांदा भोपळा येई. उतारवयात माणसाची चव बदलते, असं बायकोला वाटलं. ती आठवड्यातून दोनदा भोपळा आणायला लागली.

त्यांची लेक दोन वर्षांपासून त्यांच्यासोबत कामाला होती. आधी ती एका ऑफिसात होती, तिथे कंटाळली, प्लंबिंगचा कोर्स केला आणि स्कूटरवर वडिलांना मागे बसवून कामावर न्यायला लागली. तिने लांब केबलला लावलेला एक छोटा कॅमेरा घेतला होता. तो पाइपात सारला की आतलं सगळं फोनवर दिसे. कानसेन त्याला दुर्बीण म्हणत. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" असंही म्हणत. लेक हसून कॅमेरा पिशवीत ठेवून देई. तशी ती काही मुखदुर्बळ नव्हती, घरी वडिलांना चांगली उलट उत्तरं द्यायची. पण गिऱ्हाइकासमोर बाबांना खोटं पाडायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. कान बिघडलाय हे तिला कधीच कळलं होतं, आणि ते चारचौघांत सांगायचं कसं हे मात्र कळत नव्हतं.

हे सगळं असंच झाकून राहिलं असतं. पण मध्ये टेलरबाईंचं तळघर आलं.

टेलरबाईंचा शिवणकामाचा कारखाना त्यांच्या घराच्या तळघरात होता. पाच मशिनी, कापायचं एक लांब टेबल, तागे ठेवायला लाकडी मांडणी आणि कोपऱ्यात मोरी. मोरीत कपडे धुवायचं मोठं मशीन, कारण बाई कापड कापण्याआधी धुऊन घेत. शिवलेलं आटलं म्हणून गिऱ्हाईक परत आलेलं त्यांना खपत नसे. आता तळघरातलं सांडपाणी काही आपोआप गटारात जात नाही, कारण गटार तळघरापेक्षा उंचावर. म्हणून मोरीशेजारी जमिनीत एक झाकणबंद खड्डा होता. सगळं पाणी आधी त्यात उतरायचं, आणि खड्डा भरत आला की आतला पंप ते वर ढकलायचा. तो खड्डा आणि तो पंप नऊ वर्षांपूर्वी कानसेनांनीच बसवला होता. तेव्हापासून एक थेंब बाहेर आला नव्हता.

एका सोमवारी बाईंचा फोन आला की मोरीच्या जाळीतून काळं पाणी उलटं वर येतंय. बाईंच्या हातात त्या वेळी शाळेच्या दोनशे चाळीस गणवेशांचं काम होतं आणि ते पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी द्यायचं होतं. कानसेन आणि लेक गेले तेव्हा पाचही मशिनी खडखडत होत्या. कानसेनांनी पाइपला स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, डावा हात वर केला. घाईच्या कामात हाताकडे कोणी पाहिलं नाही, पण त्यांचं काही अडलं नाही. आवाज इतका स्वच्छ येत होता.

"पंप झकास चालू आहे," ते म्हणाले. "म्हणजे पुढे लाइन तुंबलीय."

टेलरबाईंना मशिनींशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण ज्याने बेकरीतली गळती ऐकली त्याच्याशी वाद कोण घालणार? त्यांनी मान हलवली.

"बाबा, एकदा झाकण काढून बघूया का?" लेकीने विचारलं.

"हो," कानसेन म्हणाले आणि लाइन साफ करायची लांब स्प्रिंग पिशवीतून काढायला लागले.

दीड तास त्यांनी पाइपात स्प्रिंग फिरवली. दोन बटणं निघाली आणि मोजपट्टीचा एक तुकडा. तेवढ्यात खड्ड्यातून गडगड आवाज झाला, मोरीतलं पाणी गोल फिरत खाली गेलं, आणि टेलरबाईंनी हात जोडले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. पण कावळ्याला ते कोण सांगणार? तो ऐटीत घरी गेला.

शुक्रवारी पाणी परत वर आलं. परत तोच स्क्रू ड्रायव्हर, तोच निकाल, तीच स्प्रिंग. या वेळी लेकीने कॅमेरा काढलाच. लाइन घासलेल्या भांड्यासारखी साफ होती.

"बाबा, पुढे काहीच तुंबलेलं नाही."

"असेलच कसं?" कानसेन म्हणाले. हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. "सोमवारी साफ कोणी केलीय?"

मग पाणी का आलं, हा प्रश्न लेकीच्या ओठावर होता. पण बाई समोर उभ्या होत्या, म्हणून तिने तो गिळला. दोन तासांनी पाणी आपलं आपण उतरलं.

पुढच्या बुधवारी सकाळी फोन आला तो लेकीने घेतला आणि ऐकून झाल्यावर वडिलांच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितला. उजवा कान जरा बरा होता. "टेलरबाई आहेत. आज पाणी मोरीच्या बाहेर आलंय. मशिनींखाली. त्या म्हणतात, वाईट वाटतंय, पण आज नीट झालं नाही तर मोठ्या मशीनवाल्या कंपनीला बोलवावं लागेल. तीन दिवसांत काम द्यायचंय त्यांना."

कानसेन म्हणाले, "चल."

स्कूटरवर ते मागे बसले होते. तिसरी खेप. चाळीस वर्षांत पहिली. मांडीवर पिशवी, पिशवीत पाना, आणि त्याचं वजन आज नेहमीपेक्षा जास्त लागत होतं. कंपनीची गाडी टेलरबाईंच्या दारात उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत बाकावर बातमी जाणार, आणि त्यांचंच वाक्य त्यांना कोणीतरी ऐकवणार. पाना खाली ठेवला तर मग दिवसभर करायचं काय, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. स्कूटर हार्डवेअरच्या दुकानावरून गेली. बाकावर पाणबुड्या एकटाच बसला होता. त्याने हात केला. कानसेन वाकून आपल्या चपलेचा अंगठा नीट करायला लागले.

तळघराच्या पायऱ्यांवरूनच दिसलं. पाणी दोनच बोटं होतं, पण सगळीकडे. तागे टेबलावर चढवलेले, पाचही मशिनी बंद, शिवणाऱ्या बायका पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या. कानसेनांनी एक नियम आयुष्यात कधी मोडला नव्हता. साचलेल्या पाण्यात पाय टाकायचा तर आधी तिथली वीज तोडायची. आणि तोडायची म्हणजे नुसतं बटण खाली करायचं नाही, कारण कोणीतरी शहाणा येऊन ते वर करतो. फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवायचा. जिन्याशी बोर्ड होता. त्यांनी तळघराचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसला, शर्टाच्या खिशात टाकला, वरून थाप मारून खात्री केली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली उतरले. लेक टॉर्च घेऊन मागे होती.

तळघर इतकं शांत कधीच नव्हतं. कानसेनांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि डावा हात वर केला. आज सगळ्यांनी तो पाहिला. बायकांनी श्वास धरला.

घुंऽऽ.

कानसेनांना इतकं हायसं वाटलं की त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पंप चालू आहे, ताई. मस्त चालू आहे. ऐका हवं तर. मी म्हणत होतो ना, गोंधळ पुढेच आहे."

टेलरबाई लेकीकडे बघायला लागल्या. कानसेन स्प्रिंग उचलायला वाकले, आणि खिशातला फ्यूज सटकून डुबुक करून पाण्यात पडला.

त्यांनी पाण्यात हात घालून तो उचलला आणि ते तसेच वाकलेले राहिले. पंपाची वीज या फ्यूजमधूनच जात होती. तार त्यांनीच जोडली होती. फ्यूज हातात आहे म्हणजे पंपात वीज नाही. आणि पंप चालू होता. अजूनही चालू होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पाइपपासून लांब नेला. घुंऽऽ. दोन पावलं मागे सरले. घुंऽऽ. दुपारी आडवं झाल्यावर येतो तोच आवाज. फ्रिजचा. शेजाऱ्यांच्या फ्रिजचा.

त्यांनी वर पाहिलं. लेकीने टॉर्च खाली पाण्यावर धरला होता, त्यांच्या तोंडावर उजेड पडू नये म्हणून. म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त, एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

आता झाकली मूठ सव्वा लाखाची. टेलरबाईंच्या लक्षात काही आलेलं नव्हतं. फ्यूज गुपचूप खिशात टाकायचा, "बघा, आत्ता बंद पडला" म्हणायचं, पंप बदलायला लावायचा, आणि कानसेनांचा कान शाबूत. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि चांगला दोन-तीन श्वास राहिला. मग त्यांची नजर मांडणीवर गेली. गडबडीत एक तागा खालच्याच फळीवर राहिला होता. त्याची कड पाण्यात होती आणि ओल सावकाश वर चढत होती.

"ताई," ते म्हणाले, "मी तुम्हाला तीनही वेळा चुकीचं सांगितलं. पंप चालू नाही. असूच शकत नाही, फ्यूज माझ्या हातात आहे. पंप माझ्या कानात चालू आहे. वर्ष झालं."

पायरीवरची एक बाई फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवून गप्प झाली. टेलरबाईंनी आधी तो तागा उचलून वर ठेवला, मग जवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या, "काका, मला तर एकदाही ऐकू आला नव्हता. पण मला वाटलं, तुमच्यासारखा कान आपल्याला कुठला?"

कानसेनांनी पिशवीतून पाना काढला. "नियमाप्रमाणे हा आता खाली ठेवायचा," ते लेकीला म्हणाले.

"ठेवा ना," लेक त्यांच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली. "आधी झाकणाचे बोल्ट काढा, मग ठेवा."

मग कामाला लागले. बायकांनी बादल्या घेतल्या आणि पाणी उपसून बाहेरच्या चेंबरमध्ये ओतलं. झाकणाचे आठ बोल्ट गंजून बसले होते, ते कानसेनांनी एकेक करून सोडवले. खड्डा काठोकाठ भरलेला. आत पाण्यावर तरंगणारा फ्लोट पार वर आलेला, म्हणजे पंप चालू व्हायला हवा. जमीन पुसून कोरडी केली, सगळे पायऱ्यांवर चढले, आणि लेकीने फ्यूज लावला. काहीच झालं नाही.

"मोटर तापून बंद पडलीय," कानसेन म्हणाले. "निवली की आपली आपण चालू होते. ताई, पहिल्या दोन वेळी मी काही केलं नव्हतं. ती निवली होती, एवढंच." हे सांगताना त्यांना बरंच जड गेलं. "पण ती का तापते, ते आता ऐकायचंय. पोरी, स्क्रू ड्रायव्हर घे. तू ऐक आणि मला मोठ्याने सांग."

लेकीने आजवर तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नव्हता. वडील जेवायला बसले तरी त्याला कोणाला हात लावू देत नसत. तिने टोक पाइपवर टेकवलं, मूठ कानाशी दाबली, डोळे मिटले. डावा हात नकळत वर गेला. सगळ्या बायका गप्प झाल्या.

पाऊण तासाने पंप गडगडला. खड्ड्यातलं पाणी भराभर खाली गेलं, फ्लोट लोंबकळला, पंप थांबला.

"थांबला," लेक ओरडली.

"थांबल्यावर पाइपात काय झालं? टक् करून एकदा वाजलं?"

"नाही. टक् नाही. खळखळतंय. वरून खाली."

"किती वेळ?"

"अजून चालूच आहे. आता थांबलं. बाबा, पंप परत चालू झाला."

"मोरीचा नळ कोणी सोडलाय?" कानसेनांनी टेलरबाईंना विचारलं. कोणी सोडला नव्हता. कानसेनांनी डोळे मिटले. कान काही सांगत नव्हता, पण लेकीचे शब्द डोक्यात जाऊन बरोबर आपापल्या जागी बसत होते. खळखळ म्हणजे काय आणि टक् नसणं म्हणजे काय, हे कळायला त्यांना कान लागत नव्हता.

"झडप," ते म्हणाले. "पंपाने वर ढकललेलं पाणी परत खाली येऊ नये म्हणून पाइपात एक झडप असते. पंप थांबला की ती टक् करून मिटते. ती मिटत नाहीये. सगळं पाणी परत खड्ड्यात येतंय. पंप दिवसभर तेच तेच पाणी वर ढकलतोय आणि शेवटी तापून बसतोय. त्याचा काय दोष?"

फ्यूज परत खिशात घातला आणि झडप उघडली. तिच्या तोंडात लिंबाएवढा एक गोळा अडकला होता. कानसेनांनी तो उजेडात धरला. निळे, पांढरे, खाकी दोरे. नऊ वर्षं धुतलेल्या कापडांचे.

सगळ्या बायकांनी टेलरबाईंकडे पाहिलं. टेलरबाई छताकडे बघायला लागल्या.

"मशीनच्या नळीला उद्या जाळी बांधतो," कानसेन म्हणाले. "झडपही नवी घालतो, हिचं रबर गेलंय. तोपर्यंत एवढ्यावर चालेल."

फ्यूज लावून पुन्हा पंप चालवला. तो थांबल्यावर लेकीने कान दिला आणि हसली. "टक्," ती म्हणाली. कानसेनांनी तळहात पाइपवर ठेवला होता. टक् त्यांच्या हाताला लागलं.

परतताना त्यांनी हार्डवेअरच्या दुकानाशी स्कूटर थांबवायला सांगितली. बाकावर आता पाच-सहा जण जमले होते. कानसेन बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "मी आज तिसऱ्यांदा गेलो होतो. टेलरबाईंकडे."

सगळे पाणबुड्याकडे बघायला लागले. पाणबुड्या काहीतरी बोलला. रस्त्यावरच्या गोंगाटात कानसेनांना ते कळलं नाही, आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने ते त्यांच्या कानाशी शब्दाला शब्द सांगितलं, काही गाळलं नाही. "ते म्हणतायत, मी पाना ठेवला होता. घरी पोचलो तेव्हा काय बिघडलंय ते डोक्यात आलं होतं. चौथ्यांदा गेलो असतो तर सापडलं असतं."

कानसेन पाणबुड्याकडे वळले. "माझं चुकलं," ते म्हणाले. मग लगेच, "उद्या येतोस? नवी झडप बसवायचीय. खड्ड्यात उतरायला माझे गुडघे नाहीत."

"आणि माझे आहेत?" पाणबुड्या या वेळी चांगला ओरडून म्हणाला.

"तुझं नाव तरी आहे."

पाणबुड्याने किती वाजता, एवढंच विचारलं.

घरी आल्यावर कानसेनांनी हातपाय धुतले, लेकीला हाक मारली, आणि दोघांनी मिळून गॅलरीतला फ्रिज उचलून स्वयंपाकघरात जुन्या जागी आणून ठेवला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"आणि आवाज?" तिने विचारलं.

"तो माझ्याबरोबर फिरतो. फ्रिज कुठेही ठेवला तरी."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. पण फ्रिजवरची धूळ पुसताना तिने त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

जेवायला बसले. बायको पातेलं घेऊन आली आणि काहीतरी बोलली. 'हो' कानसेनांच्या जिभेवर येऊन थांबला होता. त्यांनी तो गिळला.

"काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."

बायको हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. वर्षभर ती बोलत होती आणि समोरून नुसता हो येत होता. आपण भिंतीशी बोलतो, असं तिला कितीदा वाटलं होतं. तिचे डोळे भरले. मग ती वाकून त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "अजून भोपळा वाढू का, म्हटलं!"

"नको," कानसेन म्हणाले. "मला भोपळा आवडत नाही."

"मग वर्षभर दोन-दोनदा कशाला घेत होतात?"

"तू काय विचारतेस ते कळत नव्हतं."

लेक ताटावरून उठून तोंड दाबत बाहेर पळाली. बायकोने पातेलं खाली ठेवलं, आपलं ताट उचललं, आणि रोजची समोरची जागा सोडून ती त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली.